एकूण छापली: त्रेसष्ट

१ नोव्हेंबर, शनिवार

फराळाचे डबे रिकामे झाले, पाहुणे गेले. घरात परत आम्ही तिघं आणि माझी कार्डं.

संध्याकाळी साडेआठला अमेरिकेतल्या कंपनीने बेसबॉल खेळाडूचं नवीन कार्ड वेबसाइटवर विक्रीला लावलं. अमेरिकेत काल सामना झाला, आज त्याचं कार्ड. विक्री फक्त चोवीस तास. जेवढी मागणी येईल तेवढीच छापणार, मग छपाई कायमची बंद, आणि दोन-तीन दिवसांनी आकडा जाहीर: एकूण छापली इतकी. सगळी गंमत त्या आकड्यात. आकडा लहान तर कार्ड मोठं.

माधुरीला हे लग्नापासून नाही तरी गेली सात-आठ वर्षं समजावतोय. आज म्हणाली, "म्हणजे ज्याला कमी लोकांनी विचारलं ते भारी?" हो म्हटलं. "मग तुमच्या आत्याचा मुलगा भारीच म्हणायचा." असल्या बाईशी काय वाद घालणार.

आजचं मागवलं. मागवून झाल्यावर कार्डकट्ट्यावर लिहिलं, 'रंग उडालेला आहे, मी सोडतोय.' कार्डकट्टा म्हणजे आमचा व्हॉट्सॲप ग्रुप, एकशे ऐंशी माणसं, सगळ्यांना एकच रोग. मी तिथला सर्वांत जुना, त्यामुळे काकांनी सोडलं म्हणजे पोरं सोडतात. जे आपल्याला हवं त्याला आधी नावं ठेवायची, हा या धंद्यातला जुना रिवाज. सगळेच करतात. मी जरा बरं करतो, एवढंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना लेक, मु., म्हणाली, आम्ही खेळलो त्या बायकांच्या बेसबॉल स्पर्धेची कार्डं काढणार आहेत, भारताच्या दोघींची. एक शीतल, ती सांगलीकडची पिचर, चेंडू टाकणारी. दुसरी मी.

मी घास तसाच धरून बसलो. माझ्या मुलीचं कार्ड!

दहा वर्षांचा होतो तेव्हा मामाने अमेरिकेहून कार्डांचं पाकीट आणलं होतं. बेसबॉल म्हणजे काय हे या बिबवेवाडीत कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तीच कार्डं मु. लहानपणी जमिनीवर मांडून बसायची. त्यातल्या एका कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला बसणाऱ्याचा, मुखवटा तिला आवडला आणि हवाच म्हणून रडली. आता सत्तावीस वर्षांची आहे आणि देशाची कॅचर आहे. तिच्या एकूण एक सामन्याची धावपत्रिका मी स्वतः ठेवलेली आहे, चौदा वह्या.

तारीख तिला माहीत नाही. कंपनी आधी सांगत नाही. "तू रोज बघतोसच," म्हणाली. "फोटो बरा असू दे म्हणजे झालं."

तिच्या हिंजवडीच्या मॅनेजरने कार्डाचं ऐकून विचारलं म्हणे, 'हे कोण विकत घेतं?' स्पर्धेसाठी रजा मागितली तेव्हाही त्याने 'हे कोण बघतं?' असंच विचारलं होतं. या माणसाला प्रश्न एकच येतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लागलं.

स्पर्धेतल्या दुसऱ्या सामन्यात तिने चोरून दुसऱ्या बेसकडे पळणारीला चेंडू फेकून बाद केलं होतं, तो क्षण. मुखवटा कपाळावर ढकललेला, गालाला माती, चेंडू हातातून नुकताच सुटलेला आणि नजर त्या चेंडूच्या पुढे. मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. तिच्या लग्नाच्या नादात माधुरीने स्टुडिओत काढून घेतलेले सगळे फोटो याच्यापुढे पाणी भरतील.

नऊ मागवली. मग कट्ट्यावर लिहिलं, 'फोटो सुमार. चेहरासुद्धा धड दिसत नाही. मी सोडतोय.' दोन मिनिटांत अकरा अंगठे.

ती माझी मुलगी हे कट्ट्यावर फक्त माझ्या जुन्या मित्राला, गोगट्याला, ठाऊक आहे. त्याचा लगेच फोन. "अरे, हे काय लिहिलंस? मी सगळ्यांना सांगणार होतो." म्हटलं, खबरदार. "तुझी मुलगी, तुझा हुकूम," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याने एक मागवलं.

हे स्पष्ट लिहून ठेवतो, नंतर कुणी काही म्हणायला नको. हजारांनी छापलेलं कार्ड म्हणजे रद्दी. शंभराच्या आत राहिलेलं कार्ड वीस वर्षांनी लोक दिवा घेऊन शोधतात. मी जे करतोय ते तिच्यासाठी करतोय.

घरात कुणाला सांगितलं नाही. माधुरीला सांगितलं असतं तर भिशीमंडळाने तासाभरात सत्तर मागवली असती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेआठला बंद झालं. मु. आठला ऑफिसातून आली, कढी-खिचडी जेवली, मी अवाक्षर काढलं नाही.

नऊला तिला शीतलचा फोन आला. मु. खोलीतून बाहेर आली. "बाबा, माझं कार्ड येऊन गेलं? तू रोज बघतोस ना?"

म्हटलं, नऊ मागवलीत. तुला एकदम हातात देणार होतो.

"अरे, मग सांगायचं ना. ऑफिसात सांगितलं असतं. माझ्या मुलींना सांगितलं असतं." मुली म्हणजे विश्रांतवाडीच्या मैदानावर दर रविवारी ती ज्यांना शिकवते त्या, वीस-बावीस आहेत. मग जरा हसली, जाऊ दे म्हणाली. "आकडा कधी येणार?"

आकड्याची चौकशी करते. रक्तातच आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आला. एकूण छापली: त्रेसष्ट!

त्रेसष्ट! या कंपनीचं इतक्या लहान आकड्याचं कार्ड माझ्या संग्रहात एकही नाही. कट्ट्यावर हाहाकार. ज्यांनी सोडलं ते आता कपाळ बडवतायत. एकजण लिहितो, 'काका, तुमचं ऐकलं आणि बुडालो.' मी एकटाच बाल्कनीत टाळी वाजवली.

शीतलचा आकडा चारशे बारा. कळलं ते असं, की तिच्या वडिलांनी चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्स! लेकीचा चेंडू टाकतानाचा फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची डोकी. कॉलेजातल्या पोरांना बसवून मोबाइलवर कार्डं मागवून घेतली. ज्या माणसाने आयुष्यात कार्ड पाहिलेलं नाही त्याने बिचारीच्या कार्डाची वाट लावली. चारशे बारा. कोण विचारणार आहे त्याला?

रात्री जेवताना मु.ला अगदी थाटात सांगितलं. ती म्हणाली, "त्रेसष्ट." मग ताटाकडे बघून, "त्यातली नऊ तुझी."

एक गोगट्याचं, मी म्हटलं.

"म्हणजे त्रेपन्न."

मी तिला दुर्मीळतेचं गणित समजावलं. अर्धा तास समजावलं. सोदाहरण समजावलं. तिने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं आणि खोलीत गेली. कुणाला चांगलं काही दाखवायला जावं तर ही तऱ्हा. आजकालच्या मुलांना कशाची किंमत म्हणून नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माधुरीने आज सांगितलं. पोळ्या लाटता लाटता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मु.ने ठरवलं होतं. खेळ चालू ठेवायचा की सोडायचा, हे दिवाळीपासून तिच्या डोक्यात होतं. गुडघा दुखतो, रजा मिळत नाही, मॅनेजर बढतीचं गाजर दाखवतो. तर म्हणे, 'आई, कार्डाचे दोनशे झाले तर अजून एक वर्ष खेळते. दोनशे माणसांना मी पाहिजे असेन तर गुडघ्याचं बघून घेईन. नाहीतर डिसेंबरअखेर किट क्लबला परत.'

मला का नाही सांगितलं? हे मी विचारलं. माधुरी म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही एकट्यानेच दोनशे मागवली असती, म्हणून."

दिवसभर भयंकर राग आला आहे. आकड्यावर आयुष्य ठरवतात का कुणी? लॉटरी आहे का ती? देशाकडून खेळणारी मुलगी, तिला बाजारातल्या मागणीवर खेळ सोडायचाय! आणि कंपनीला तरी हा आकडा चव्हाट्यावर टांगायची काय गरज? छापा, विका, गप्प बसा.

संध्याकाळी लक्षात आलं की आकडा चव्हाट्यावर टांगतात म्हणूनच मी इतकी वर्षं त्यांची कार्डं घेतो. तर ते असो.

१६ नोव्हेंबर, रविवार

बुधवार पेठेत गोगट्याकडे गेलो. त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान रविवारी अर्धं शटर ओढून चालू असतं. सगळं सांगितलं. वाटलं, हा तरी आपल्या बाजूचा, संग्राहक माणूस, समजून घेईल.

त्याने तारेला डाग देणं थांबवलं, चष्मा काढला.

"तू तिचा आकडा पाडलास," म्हणाला.

म्हटलं, मी कार्ड दुर्मीळ केलं.

"कार्ड दुर्मीळ केलंस, मुलगी नकोशी केलीस. अरे, बाकीच्यांच्या बाबतीत ठीक आहे, ते अमेरिकेत बसलेत, त्यांना पत्ता नाही. ही तुझ्या घरात जेवते."

मी त्याला बरंच सुनावलं. तू एकच का मागवलंस, तेव्हा तोंड का शिवलं होतंस, आता शहाणपण शिकवतोस. वरातीमागून घोडं. तो शांतपणे म्हणाला की त्या रात्री कट्ट्यावरच्या निदान चाळीस जणांनी मागवलं असतं, स्वतः त्याला सहा-सात जणांनी विचारलं होतं. आपली भारताची मुलगी, पहिलंच कार्ड, कोण सोडणार होतं? आणि त्या चाळिसांनी घरी-दारी, मित्रांना सांगितलं असतं. "किती झाले असते ते आता देवालाच ठाऊक."

चहा न घेता निघालो. परत येताना दगडूशेठपाशी ही गर्दी. हात जोडायला थांबलो नाही. गणपतीला तरी काय सांगणार?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मु.ने मॅनेजरला शनिवारचं काम घेते म्हणून कळवलं. शनिवारी आजवर सराव असायचा. मॅनेजरने सगळ्यांसमोर तिच्या निष्ठेचं कौतुक केलं म्हणे. निष्ठा! अकरा वर्षं पहाटे पाचला उठून मैदानावर जात होती तेव्हा त्याला निष्ठा दिसली नाही.

तिने बाल्कनीतला मिट, म्हणजे कॅचरचा चामडी हातमोजा, पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. मी विचारलं, हे कशाला? "परत करायचाय तर स्वच्छ करून द्यावा," म्हणाली. अजिबात रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

फेडरेशनचा राग येतो, जे या मुलींना साधा रेल्वेचा पास देत नाहीत. वर्तमानपत्रांचा येतो, ज्यांनी बातमी चार ओळींत उरकली. मॅनेजरचा तर येतोच. यादी मोठी आहे. यादीत एक नाव अजून घातलेलं नाही, हे मला कळतंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

आजही बोललो नाही.

सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल. नाही सांगितलं तर खेळ जाईल. त्रेसष्ट हा तिचा आकडाच नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यातला दुसरा, गोगट्या, त्या रविवारपासून माझ्याशी बोलत नाही.

किट परत करायचा दिवस ठरला. २१, रविवार.

१३ डिसेंबर, शनिवार

पार्सल आलं. पोस्टमनने बेल वाजवायचे कष्ट न घेता गेटवर वॉचमनच्या खुर्चीत ठेवलं, वर वॉचमनचा डबा! परदेशातून अखंड आलेली वस्तू शेवटच्या तीस पायऱ्यांत आमटीखाली. वॉचमनला काय बोलायचं ते बोललो.

हात धुतले, पुसले, टेबलावर धुतलेला पंचा अंथरला. (माधुरी म्हणते, देवपूजेला इतके धूत नाहीत.) एकेक कडेने धरून काढलं. नऊच्या नऊ कोरी. मागे तिचं नाव, जागा कॅचर, गाव पुणे. परदेशी छापखान्यात कुणीतरी 'पुणे' जुळवलं.

आणि पुढे तो फोटो. पडद्यावर पाहिला होता त्याहून हातात फार वेगळा. गालावरच्या मातीचा कण अन् कण दिसतो. चेहरा धड दिसत नाही असं मी लिहिलं होतं. दिसतो. लहानपणी जमिनीवर कार्डं मांडताना ओठ दाबून बसायची, तसेच ओठ दाबलेत.

हे मी सुमार म्हटलं. एकशे ऐंशी माणसांत, माझ्या सहीने. कंपनीने नाही, मॅनेजरने नाही. मी. आज पहिल्यांदा मला माझी खरोखर लाज वाटली.

मु. कामावर होती. आल्यावर दाखवली. लांबूनच पाहिली, "छान आलंय," म्हणाली, आणि हातात घेतलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

दुपारी चारला. ती लॅपटॉप मिटून चहा करायला उठली, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. माधुरी भाजी आणायला गेली होती, मुद्दामच ती वेळ साधली. आधी कट्ट्यावरचं माझं वाक्य मोबाइलवर दाखवलं. तारीख दाखवली. मग सगळं. नावं ठेवायचा रिवाज, अकरा अंगठे, गोगट्याला भरलेला दम, शीतलच्या बापाच्या फ्लेक्सवर मी केलेली चेष्टा, सगळं.

तिने ते वाक्य दोनदा वाचलं. चहा उतू गेला, गॅस मी बंद केला.

"तुला आवडला नव्हता फोटो?"

म्हटलं, मला आयुष्यात इतका फोटो कुठला आवडलेला नाही.

"मग असं का लिहिलंस?"

आवडला म्हणून, असं म्हणालो. कट्ट्यावर या उत्तराला सगळ्यांनी मान डोलावली असती. स्वयंपाकघरात ते उत्तर वेड्याचं वाटलं.

ती बराच वेळ ओटा पुसत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. मी तयारीत होतो. तिने फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि विचारलं, "मग माझा खरा आकडा किती, बाबा?"

माहीत नाही म्हटलं.

"विचारता येईल का कंपनीला? परत लावतील?"

नाही. चोवीस तास संपले की संपले. त्यातच तर...

"म्हणजे आता ते कधीच कळणार नाही."

नाही.

तिने गाळणं घेतलं, उरलेला चहा दोन कपांत ओतला. माझा कप माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचा घेऊन खोलीत गेली. दार लावलं नाही, पण ओढून घेतलं.

संध्याकाळी कट्ट्यावर खरं लिहिलं. ती माझी मुलगी, फोटो उत्तम, नऊ मी घेतली, तुम्हाला फसवलं, आणि हेच मी वर्षानुवर्षं करत आलोय. शिव्या आल्या, त्या रास्त होत्या. मग एकेक सुरू झाले, 'मी घेतलं असतं काका', 'मी दोन घेतली असती'. मी वहीत नावं उतरवायला लागलो. छत्तिसाव्या नावाला थांबलो. आता म्हणायला कुणाचं काय जातं? फुकटच्या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही, हे या पोरांना मीच शिकवलं. वही मिटली.

माधुरीला मु.नेच सांगितलं असावं. जेवायला वाढलं, पण मीठ मागितल्यावर बरणी लांब ठेवली.

२१ डिसेंबर, रविवार

मु. सव्वासहाला गेली. किटची पिशवी घेऊन गेली. मी जागाच होतो, चपला घालेपर्यंत दारापाशी उभा होतो. येऊ का विचारलं. "नको," म्हणाली. स्वेटर विसरली होती, तो दिला, घेतला.

विश्रांतवाडीला स्कूटरवरून रविवारी पहाटे फार तर पाऊण तास. किट मोजून द्यायचं, वहीत सही करायची, क्लबच्या सरांशी दोन शब्द. कितीही रेंगाळली तरी नऊला घरी यायला हवी.

दहा वाजले. माधुरी म्हणाली, फोन करा. नाही केला. मला विचारायचा काय अधिकार आहे?

साडेदहा. हात रिकामे नकोत म्हणून कार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालायला घेतली. आठ निघाली. पंचा झटकला, टेबलाखाली पाहिलं, डबा परत उघडला. आठच. माधुरीला विचारलं, तिने हात लावलेला नाही. माझ्या कार्डांना ती चिमट्यानेसुद्धा उचलत नाही.

म्हणजे मु.ने नेलं. ना पाकीट ना पुठ्ठा, तसंच. खिशात घातलं असेल तर कोपरे गेले. या मुलीला कार्ड कसं धरायचं ते हजारदा सांगितलंय.

तिथे कुणाला दाखवायला नेलं, की किटबरोबर तेही देऊन टाकायला, कळायला मार्ग नाही. मैदानावर तिच्या मुली आठ ते साडेअकरा असतात. शिकवत असेल तर बाराशिवाय यायची नाही. नाहीतर कुठे बसली असेल एकटी.

धावपत्रिकेची पंधरावी वही काढून टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर काही लिहिलेलं नाही. पावणेबारा झाले. माधुरीने कुकर लावलाय, तिघांचा.